बोळातला पहिला स्लॅब

मालनबाईच्या घरावर स्लॅब ओतला त्या दिवशी नगरच्या नालेगावातल्या त्या बोळात एकाही बाईनं वेळेवर भाकरी थापली नाही. सगळ्या आपापल्या उंबऱ्यात उभ्या. भरली घमेली वर जात होती, रिकामी खाली येत होती, आणि मालनबाई हळदीकुंकवाला निघाल्यासारखी नवं लुगडं नेसून मधोमध उभी होती. कुणी विचारलं नसताना सांगत होती, "वर धा माणसं नाचली तरी हलायचं न्हाई." दहा माणसं तिच्या घरावर कशाला नाचायला जातील, हे कुणी विचारलं नाही. एवढा बोळातला पहिला स्लॅब, तर काय काय ऐकून घ्यावं लागतंच.

त्याआधी आठ दिवस जुनं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, पाडलं होतं. सासऱ्याच्या बापानं घातलेलं. दरसाल मिरगाच्या आधी पांढऱ्या मातीचा एक थर वर चढायचा, असे थरावर थर बसून ती हातभर जाड झालेली. पाडली तेव्हा अंगणात ढीग लागला. शेजारची साळूबाई बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बघत होती.

"मालन, ही माती कुठं टाकनार?"

"नदीकाठाला. गाढववाला ठरवलाय."

"मग मी नेऊ? माझं धाबं लई पातळ झालंय बाई. गेल्या पावसाळ्यात ताटं मांडून झोपलो आमी."

"ने की! मला आता मातीचं काय करायचंय?" हे शेवटचं वाक्य मालनबाईनं तीन घरं पलीकडच्या कडूबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं.

चार दिवस साळूबाई आणि तिचा नवरा छगन पाट्या वाहत होते. छगन टांगा चालवायचा. घोड्याला सुट्टी देऊन स्वतः राबला. वजन पेलायला म्हणून मालनबाईनं आपली एक जुनी तुळईसुद्धा वर देऊन टाकली. हात वर असला की माणूस दिलदार होतं. साळूबाई डोळे पुसत म्हणाली, "तुझे उपकार झाले." मालनबाईला ते इतकं गोड लागलं की त्या रात्री तिनं आमटीत मीठ घातलंच नाही.

हिवाळा फार सुखात गेला. कडूबाई यायची, भिंतीच्या गिलाव्यावरून हात फिरवायची आणि सुस्कारा सोडायची. मालनबाई त्या सुस्काऱ्यासाठी चहा करायची. कोपरगावला दिलेल्या लेकीला, विजयमालाला, तिनं पत्र लिहवून घेतलं, त्यात स्लॅबचं वर्णन दीड पान होतं आणि ख्यालीखुशाली दोन ओळी.

मग पाडवा झाला आणि ऊन लागलं.

दिवसा तापतो ते एक वेळ समजू. पण हा स्लॅब रात्री तापायचा. दिवसभर वर सूर्य खायचा आणि दिवेलागण झाली की खाली ओकायला बसायचा. नऊला सुरुवात, ती पहाटेपर्यंत. त्यात बोळाच्या तोंडाशी एका आडत्यानं तीन मजली माडी उठवलेली. सीना नदीवरनं येणारा वारा तिथंच आडवा झाला. पुढचा रस्ता डांबरी झालेला. रात्री जेवणं झाल्यावरही अनवाणी पायाला चटका बसायचा. सावेडीच्या माळावर नवी घरं उठत होती. शहर वाढतंय म्हणजे बरंच चाललं असणार, असं सगळे म्हणत होते. फक्त रात्री कुणाला झोप नव्हती.

मालनबाईचा नवरा गोरक्षनाथ एस.टी.च्या वर्कशॉपात कामाला. दिवसभर इंजिनांशी झोंबून आलेला माणूस. तिसऱ्या रात्री त्यानं बाज उचलली आणि बोळात टाकली.

"आवं, लोक काय म्हनतील? सलॅपचं घर टाकून बोळात?"

"विजूचे आय, ह्यो सलॅप न्हाई. ह्यो तवा हाय. आन् मला भाकरी व्हायचं न्हाई."

"वर झोपा मग."

"जिना कुठाय?"

जिना पुढच्या वर्षी करायचा होता. तरी एकदा शिडी लावून तो वर गेला, पाठ टेकली आणि जसा गेला तसा खाली आला. मालनबाईनं संध्याकाळी दोन हंडे पाणी वर फेकून बघितलं. नळाला पाणी तासभर यायचं, त्यातलं हे पाणी. चर्र आवाज झाला, वाफ उठली आणि घर भात शिजल्यासारखं ओलसर झालं. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी फेकलं नाही, पण बोळातही झोपली नाही. दार लावून आतच पडून राहायची. घाम पुसायची आणि ऐकायची.

काय ऐकायची? साळूबाईचं घोरणं. दोन घरांत भिंत एकच. पलीकडनं घोरणं असं संथ यायचं, की वाटावं गाय रवंथ करतीय. मालनबाई अंधारात उठून बसायची. बिड्या वळणारी बाई, हिला एवढी झोप येते कुठनं?

सकाळी नळावर साळूबाई यायची ती वेणीफणी करून, टवटवीत. मालनबाईचे डोळे सुजलेले. कडूबाईनं विचारलंच, "का गं मालन, लेकीच्या आठवणीनं रडतीस का काय राती?"

"व्हय तर," मालनबाई म्हणाली. दुसरं काय सांगणार?

एका दुपारी न राहवून ती विरजणासाठी दही मागायच्या निमित्तानं साळूबाईकडे गेली. दारातनं आत पाऊल टाकलं आणि तिच्या अंगावर काटा आला. गार. पाण्याचा हंडा नुकताच भरून ठेवावा तसं गार. वर बघितलं तर तिचीच तुळई. धुरानं काळी पडलेली, तिच्या विजूनं लहानपणी चुन्यानं ओढलेली रेघ तिच्यावर तशीच.

"बस की गं," साळूबाई म्हणाली. "तुझ्या मातीनं लई गार झालं बघ घर. मी तर रोज तुझं नाव घेती. म्हनलं, मालननं दिलं म्हनून. न्हाईतर कोन देतं एवढी मुरल्याली माती!"

ती मनापासून म्हणत होती, हेच वाईट. टोमणा असता तर परत देता आला असता. मालनबाई दही घेऊन घरी आली आणि ते तसंच झाकून ठेवलं. आमच्या आजेसासऱ्याची माती. साठ पावसाळे आमच्या डोक्यावर बसलेली माती. तिच्याखाली ती घोरते, आणि मी इथं!

त्या दिवसापासून तिला साळूबाईचं काही म्हणजे काही बघवेना. तिची मांजर तिला लठ्ठ वाटायला लागली. तिच्या माठाचं पाणी जास्त गार, तिच्या दाराशी सावली जास्त वेळ. छगनचा घोडासुद्धा समाधानी दिसायला लागला.

त्या साली अधिक वैशाख आला. बहात्तर सालातला तो धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताम्हणात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं. विजयमालाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. पत्राला लगेच उत्तर आलं. जावई काकासाहेब येणार, विजूला घेऊन, एक रात्र मुक्काम. खाली ओळ होती: "घरी सगळ्यांना तुमच्या स्लॅबचे फार कौतुक आहे, तो बघायचा आहे."

मालनबाईनं ते पत्र नळावर नेलं. घडा भरता भरता काढलं, कडूबाईला वाचायला दिलं आणि म्हणाली, "मोठ्यानं वाच, मला अक्षर लागत न्हाई." साळूबाई जवळच उभी होती. तिच्या तोंडावरनं काहीतरी सरकून गेलेलं मालनबाईला दिसलं, पण ते काय, हे कळेपर्यंत तिनं हंडा उचलला होता.

आता काही करून एक रात्र निभवायची होती. जावयानं या छताखाली सुखानं झोपून सकाळी उठून म्हणायचं, "मामी, काय झोप लागली!" आणि ते साळूबाईच्या कानावर पडायचं. बास. बाकी उन्हाळा मग कसाही जावो. गोरक्षनाथानं वर्कशॉपातल्या एकाकडून टेबलफॅन मागून आणला. मालनबाईनं खिडकीला ओलं पोतं बांधलं.

काकासाहेब हे नाव ऐकून माणूस पन्नाशीचा वाटावा, पण होता तेवीस वर्षांचा. साखर कारखान्यात टाईमकीपर, सडपातळ, बोलायला मऊ. आला, पाय धुतले आणि चहाच्या आधी वर मान करून छत बघत बसला. मग खिशातनं कागद काढला. जाडी किती, सळई किती जाडीची, खांब किती, सगळं विचारून लिहून घेतलं. भिंतींची मापं घेतली.

"जावईबापू, एवढं मोजताय कशाला?" गोरक्षनाथानं विचारलं.

"आमचे तात्या म्हणतात, नगरच्या व्याह्यांनी केलं, आपण मागं का राहायचं? आमचंही धाबंच आहे. पाडावं म्हणतात. अधिक महिना सरला की आखितीला कामाला हात घालायचा." तो मालनबाईकडे वळला. "तात्यांनी सांगितलंय, तुझ्या मामींना विचारून ये. घरात वावरायचं बायकांना. त्या हो म्हणाल्या तर करू. मामी, कसं काय आहे? घालावा ना?"

दार उघडं होतं. साळूबाई ओट्यावर बिड्या वळत बसलेली. तिचे हात थांबले, हे मालनबाईनं तिरक्या नजरेनं बघितलं.

"घालावा म्हंजे काय!" मालनबाईचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत गेला. "धाब्यात काय राहिलंय आता? माती गळती, इंचू निघत्यात. सलॅप म्हंजे सलॅप. बिनघोर झोपावं मानसानं."

गोरक्षनाथ खोकला. तिनं त्याला पाणी दिलं.

जेवणं थाटात झाली. जावयानं चार धोंडे खाल्ले, वाण घेतलं, दिव्याला नमस्कार केला. नऊ वाजले. स्लॅबनं आपलं काम सुरू केलं.

फॅन लावला. फॅन बिचारा इमानदार. समोर जी हवा होती तीच उचलून जावयाच्या तोंडावर फेकत होता. लोहाराचा भाताही तेवढंच करतो. काकासाहेब म्हणाला, "छान वारं आहे." थोड्या वेळानं त्यानं सदरा काढला. मग बनियन पिळला. मग "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर गेला.

आत स्वयंपाकघरात विजयमाला फरशीवर ओला पंचा पसरून पडली होती. तोंड लाल. मालनबाई तिच्याजवळ बसून विंझणवारा घालत होती.

"आई, रोज असंच असतं का गं?"

"आजच जरा जास्त हाय."

"तिकडं आमच्याकडं बरं असतं. धाब्याखाली रातीचं पांघरूण लागतं गं पहाटं. सासूबाई तर म्हणतात, हे धाबं म्हणजे आमचा पंखा." ती कुशीवर वळली. "आता पाडणार. तूच हो म्हणालीस म्हणजे तात्या काही थांबायचे न्हाईत. तुझं लई ऐकतात ते. नगरच्या विहीणबाई शहाण्या, म्हणतात."

मालनबाईचा हात चालत राहिला, पण पंखा लेकीला सोडून भलतीकडंच वारा घालत होता. हे तिला आधी सुचलंच नव्हतं. जावयाला उत्तर देताना तिच्या डोळ्यांपुढं ओट्यावरची साळूबाई होती. त्या स्लॅबखाली झोपणार कोण, हे नव्हतं. विजू. या उन्हाळ्यात, पुढच्या, त्याच्या पुढच्या. कोपरगावातही शहर वाढेल, माड्या उठतील, वारा अडेल.

सांगायला काय लागतं? एक वाक्य. जावईबापू, नका घालू, जीव जातो. पण ते वाक्य या घरातनं बाहेर पडलं की भिंतीपलीकडं जाणार. मग उद्या नळावर. साळूबाई काही बोलायची नाही. ती नुसतं म्हणेल, "तुझे उपकार, मालन." आणि ते मरणाहून वाईट.

अर्धा तास झाला, जावई आला नाही. तिनं गोरक्षनाथाला बोळात पाठवलं. तो जाऊन आला आणि दारात डोकं खाजवत उभा राहिला.

"सापडले."

"कुठं?"

"छगनच्या धाब्यावर. घोरत्यात."

झालं असं होतं, की छगन वर अंथरूण टाकत होता, त्यानं खाली बनियन पिळत येरझारा घालणारा पाहुणा बघितला आणि हाक मारली, "पाव्हनं, वर या, वारं हाय." काकासाहेब भिडस्त. नाही म्हणणं जमलं नाही आणि वर गेल्यावर खाली येणं जमलं नाही.

धोंड्याच्या महिन्यातला जावई. तेहतीस अनारशांचा जावई. शेजारणीच्या छपरावर! मालनबाईनं कोपऱ्यातलं घमेलं उचललं, कुदळ उचलली.

"ह्ये काय आता?"

"माझी माती घेऊन येती."

"विजूचे आय, रात हाय. शिवाय तिच्यावर आपला जावई झोपलाय."

हे मात्र खरं होतं. जावयाच्या अंगाखालनं माती उकरून काढणं बरं दिसलं नसतं. तिनं घमेलं उपडं घातलं आणि त्याच्यावर बसून राहिली, तांबडं फुटेपर्यंत. त्या रात्री तिनं काय काय विचार केले ते तिलाच माहीत. विजू अर्धवट झोपेत तीनदा "पाणी" म्हणाली, आणि तिन्ही वेळा मालनबाईनं उठून दिलं.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा काकासाहेब साळूबाईच्या ओट्यावर बशीतनं चहा पीत होता. चेहरा न्हाल्यासारखा. साळूबाई पदर सावरून उभी, कडूबाई हंडा घेऊन मुद्दाम रेंगाळलेली. मालनबाईला बघून जावई गडबडीनं उठला, बशीतला चहा सांडला.

"मामी, चुकलं माझं. जरा डोळा लागला."

"बसा," मालनबाई म्हणाली. तिनं एकदा साळूबाईकडं बघितलं, एकदा कडूबाईकडं. "जावईबापू, त्यो कागद कुठाय, मापाचा?"

"खिशात आहे."

"फाडून टाका."

"म्हणजे?"

"तात्यांना सांगा, धाबं पाडू नका. सलॅपखाली रातचं मानूस ऱ्हात न्हाई. काल मी बोलले ती खोटं बोलले." तिचा आवाज आज बोळाच्या तोंडापर्यंत गेला नाही, पण ओट्यापर्यंत गेला, आणि गेला तिथं पुरे होता. "म्हैनाभर मी झोपले न्हाई. माझी लेक न्हाई झोपली काल. तिला तिकडं धाब्याखालीच ऱ्हाऊ द्या."

कडूबाईचा हंडा तिच्या कमरेवरच राहिला.

"आन् उद्या कधी पाडलंच," मालनबाई म्हणाली, कारण सगळं एकदम सोडवत नाही माणसाला, "तर माती शेजाऱ्यापाजाऱ्याला देऊ नका."

दहाच्या गाडीनं लेक-जावई गेले. गोरक्षनाथ कामाला गेला. मालनबाई दार लावून बसली आणि नळावर आता काय काय चाललं असेल त्याचा अंदाज घेत राहिली.

दुपारी कडी वाजली. साळूबाई. हातात बिड्यांचं सूप नाही, काही नाही. मोकळे हात घेऊन ती कधी कुणाकडं जात नसे.

"मालन, एक इचारू का? रागवू नगं."

"इचार."

"सकाळी तू बोललीस ती खरं, का जावयाला दुखवायला नगं म्हनून?"

"का?"

साळूबाई उंबऱ्यातच टेकली. लुगड्याच्या काठाशी चाळा करत म्हणाली, "तुझा सलॅप ओतला ना, त्या राती मी लई रडले. ह्यांना म्हनलं, आपल्या नशिबी मातीच. तवापासनं मी दिवसाला चार कट्टे बिड्या जास्त वळती. ह्या दिवाळीला मला बी सलॅप घालायचाय. कुनाला बोलले न्हाई. त्यादिशी तू नळावर पत्र वाचायला दिलंस, तवा तर माझ्या पोटात आगच पडली. म्हनलं, कोपरगावापातुर हिच्या घराचं कौतिक." तिनं वर छताकडं बघितलं, अगदी कडूबाई बघायची तसं. "किती सरळ हाय गं. एक टवका न्हाई कुठं."

महिनाभरात पहिल्यांदा मालनबाईच्या अंगावरनं एक झुळूक गेली. बाहेर तर पान हलत नव्हतं, खिडकीला पोतं होतं. म्हणजे साळूबाई घोरत होती तेव्हाही हेव्यानंच घोरत होती!

"मग? घालू का नगं?"

"चहा घेतीस?" मालनबाई म्हणाली.

"घेती. पर सांग की."

मालनबाईनं चहा केला, आलं घालून, सावकाश. साखर जरा जास्तच घातली. साळूबाईनं तो उन्हाळ्याच्या दुपारी, त्या छताखाली, घामाच्या धारा पुसत प्याला आणि एकदाही गरम होतंय म्हणाली नाही. किती जीव जडलाय हिचा स्लॅबवर, असं मालनबाईला वाटलं, आणि तिला साळूबाईची जरा मायाही आली.

निघताना साळूबाई म्हणाली, "आज हे रातच्या गाडीला ठेसनावर थांबनार हायेत. वर मोकळंच हाय, मी बी आज वरच झोपनार. ये झोपायला."

"बघती," मालनबाई म्हणाली.

दिवेलागण झाल्यावर ती गोधडी काखेला मारून गेली. शिडी चढताना कडूबाईनं बघितलं, बघू दे. वर नुकताच पाण्याचा शिपका दिलेला, मातीचा वास सुटलेला. आडत्याची माडी इथनं जरा तिरकी पडायची. तिच्या बाजूनं वाऱ्याची एक बारीक वाट मोकळी होती. साळूबाईनं आपलं अंथरूण तिथं टाकलं होतं. मालनबाईनं ते उचलून हातभर सरकवलं आणि तिथं आपली गोधडी पसरली. साळूबाई उशी घेऊन पलीकडं सरकली.

दोघी आडव्या झाल्या. पाठीखाली गार. खाली बोळात गोरक्षनाथाच्या बाजेची करकर ऐकू आली आणि थांबली.

"मालन."

"हं."

"मग काय म्हनतीस? घालू का नगं सलॅप?"

मालनबाईनं हातपाय ताणले. डोळे आपोआप मिटत होते. उत्तर काय द्यायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि द्यायचंही होतंच. पण गेला महिना कसा गेला तेही ती विसरली नव्हती.

"एवढी काय घाई हाय?" ती म्हणाली. "दिवाळी लई लांब हाय. झोप आता."